कर्जत-जामखेडचा नवा उमेदवार व कुकडीचें पाणी

विधानसभेच्या निवडणुकीविषयीं शेतकी मासिकांत लिहावें किंवा नाहीं, ह्याबद्दल आमच्या वाचकांत दोन तट आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे. राजकारण वर्तमानपत्रांस सोपवून आपण बीं, खत व बाजार एवढ्यापुरतें पाहावें, असें कित्येक सभासद आम्हांस सुचवितात. परंतु ज्या तालुक्यांत पीक येणें न येणें हें अडीचशें किलोमीटर लांबीच्या कालव्यावर अवलंबून असतें, आणि त्या कालव्याचें दार केव्हां उघडावयाचें हें सभेंत बसून ठरविलें जातें, त्या तालुक्यांत आमदार कोण हा प्रश्न बियाण्याच्या प्रश्नाइतकाच शेतीचा आहे. संघ कोणत्याहि पक्षाचा नाहीं, व कोणास मत द्यावें हें सांगण्यासाठींहि हा लेख नाहीं. प्रथमच उभा राहणारा उमेदवार शेतकऱ्यानें कसा पारखावा, ह्याचें एक पूर्ण उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत घडून गेलें आहे. पेरणी आपण पाहिली, आणि पांच वर्षांनीं रासहि मापली गेली. त्याचा हिशेब वाचकांपुढें ठेवावा एवढाच हेतु.

२०१९ सालच्या निवडणुकींत कर्जत-जामखेड मतदारसंघांतून राष्ट्रवादी काँग्रेस पक्षातर्फें श्री. रोहित राजेंद्र पवार उभे राहिले. विधानसभेसाठीं उभें राहण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. ता. २४ ऑक्टोबर २०१९ रोजीं मतें मोजलीं गेलीं तेव्हां त्यांना १,३५,८२४ आणि त्या वेळीं मंत्री असलेले प्रा. राम शिंदे यांना ९२,४७७ मतें पडलीं. म्हणजे आधिक्य ४३,३४७ मतांचें. ता. २३ नोव्हेंबर २०२४ रोजीं त्याच दोघांचीं मतें पुन्हां मोजलीं. श्री. पवार पुन्हां निवडून आले, पण ह्या खेपेस आधिक्य उरलें अवघें १,२४३. ह्या दोन आंकड्यांच्या मध्यें काय घडलें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम जमीन पाहूं, उमेदवार मागाहून. कर्जत व जामखेड हे अहिल्यानगर जिल्ह्याचे (ज्यास २०२४ पर्यंत आपण अहमदनगर म्हणत होतों) दक्षिणेकडील अवर्षणप्रवण तालुके. रब्बीची ज्वारी, तूर, उडीद, कांदा, थोडें लिंबू, आणि पाणी असेल तेथें ऊस, असा येथील पिकांचा क्रम. कर्जत तालुक्याच्या दक्षिण अंगास भीमा वाहते. सिद्धटेकच्या बाजूस उजनीच्या फुगवट्यावर मोटारी बसवून उसाचे मळे उभे केलेले दिसतात. तेथून उत्तरेस चालूं लागलें कीं तोच तालुका माळरान होतो. निमगांव गांगर्डा येथें सीना नदीवर धरण आहे, पण सीनेची मिजास पावसावर. जामखेड तालुका बालाघाटाच्या पायथ्याशीं; त्याच्या शिवारांत कुकडीचा कालवा पोंचतच नाहीं, त्यामुळें तेथील शेतकऱ्याचा सारा भरंवसा लहान तलाव, नाले व विहिरी ह्यांवर. एकाच मतदारसंघांत असे तीन प्रकारचे शेतकरी आहेत, आणि तिघांचें पाण्याचें गाऱ्हाणें वेगवेगळें आहे.

कुकडीचें गाऱ्हाणें त्यांत सर्वांत जुनें व सर्वांत कडू. येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभें ह्या पांच धरणांचा हा प्रकल्प. डिंभें आंबेगांव तालुक्यांत, बाकीचीं चार जुन्नर तालुक्यांत, म्हणजे पांचहि पुणें जिल्ह्यांत. डावा कालवा येडगांवपासून निघून पारनेर, श्रीगोंदें असे तालुके ओलांडीत कर्जतेंत उतरतो व पुढें सोलापूर जिल्ह्यांतील करमाळ्याकडे जातो. वाटेंतल्या प्रत्येकास तहान असतेच. वरच्या अंगास दारें जरा जास्त वेळ उघडीं राहिलीं, चार सायफन पडले, कीं खालच्याच्या वाट्यास कालव्याचा ओला तळ तेवढा येतो. ‘टेल टू हेड’, म्हणजे आधीं शेवटच्या टोकास पाणी व मग वर, असा नियम कागदावर चांगला आहे. पण जोंधळा पोटरींत असतांना पाण्याची पाळी दहा दिवस लांबली, तर नियमाचा कागद वैरण म्हणूनहि उपयोगी पडत नाहीं. ज्याचें जळतें त्यालाच कळतें.

अशा ह्या मुलखाची विधानसभेंतील जागा १९९५ पासून भारतीय जनता पक्षाकडे होती. कर्जतची जागा राखीव असतांना श्री. सदाशिव लोखंडे हे तेथून १९९५, १९९९ व २००४ असे तीनदां निवडून आले. मतदारसंघांची फेररचना झाल्यावर २००९ व २०१४ मध्यें प्रा. राम शिंदे निवडून आले. शिंदे हे जामखेड तालुक्यांतील चौंडीचे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचें माहेर तें हेंच गांव, आणि त्या शिंदे घराण्याशीं त्यांचें नातें सांगितलें जातें. गांवच्या सरपंचपदापासून त्यांनीं राजकारणास आरंभ केला, पुढें राज्यमंत्री झाले, व २०१६ पासून जलसंधारण खात्याचे मंत्री. दुष्काळी तालुक्याचा आमदार जलसंधारणाचा मंत्री व्हावा, ह्याहून अधिक काय पाहिजे, असें त्या वेळीं पुष्कळांस वाटलें; आम्हांसहि वाटलें.

आतां नवा उमेदवार. श्री. रोहित पवार यांचा जन्म ता. २९ सप्टेंबर १९८५ चा. घराणें बारामतीचें. आजोबा अप्पासाहेब पवार हे शरद पवारांचे थोरले बंधु, आणि शेतीच्या प्रयोगांत ज्यांचें नांव आमच्या पिढीस राजकारणावांचून ठाऊक आहे असे गृहस्थ. बारामतीच्या कृषि विकास प्रतिष्ठानची स्थापना १९७१ मधली, व तेथील कृषि विज्ञान केंद्र १९९२ चें; आपल्या सभासदांपैकीं कित्येकजण तेथें रोपें, अवजारें वा दुधाळ जनावरें पाहण्यासाठीं जाऊन आले आहेत. वडील राजेंद्र पवार त्याच प्रतिष्ठानचे चालक. मातोश्री सुनंदाताई यांनीं स्त्रियांच्या बचत गटांचें काम बरींच वर्षें केलेलें. चिरंजिवांनीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि ते बारामती ॲग्रो ह्या घरच्या कंपनीच्या कामांत पडले. कोंबड्यांच्या खाद्यापासून साखरेपर्यंत तिचा व्यापार. २०१८-१९ मध्यें ते देशांतील साखर कारखानदारांच्या मध्यवर्ती संस्थेचे, म्हणजे ‘इस्मा’चे, अध्यक्ष होते. सार्वजनिक पदाचा अनुभव म्हणाल तर २०१७ मध्यें शिर्सुफळ-गुणवडी गटांतून ते पुणें जिल्हा परिषदेवर निवडून आले होते, तेवढाच. म्हणजे दोन-अडीच वर्षांचा.

ह्या वंशावळीकडे शेतकऱ्यानें कसें पाहावें? बियाणें घेतांना आपण त्याचें मूळ विचारतों हें खरें, पण पिशवीवरच्या नांवावर कोणी एकराचा एकर पेरीत नाहीं. मूठभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून उगवण पाहतोंच. अप्पासाहेबांच्या कामाचा आम्हांस आदर आहे. तथापि नातवास मत देण्याचें तें कारण होऊं शकत नाहीं. ह्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. उमेदवार स्वतः खासगी साखर कारखान्याचा चालक, आणि जिल्हा सहकारी कारखान्यांचा. प्रवरेच्या कारखान्यानें १९५० मध्यें ज्या जिल्ह्यांत सहकारी साखरेचा पाया घातला, त्याच जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत जगदंबा सहकारी कारखाना खासगी हातीं गेला, हें शल्य तेथील भागधारकांस आहेच. ऊस विकत घेणाऱ्यालाच ऊस पिकविणाऱ्याचा प्रतिनिधि करावें काय, हा प्रश्न २०१९ मध्यें फारसा कोणीं विचारला नाहीं. आमच्या मतें तो विचारण्याजोगा होता. पुढें जामखेड तालुक्यांतील हाळगांवचा कारखानाहि बारामती ॲग्रोकडे आला, तेव्हां तो प्रश्न अधिकच जवळ आला. उसाला जवळ गिऱ्हाईक झालें ही सोय. तें गिऱ्हाईक म्हणजेच आपला आमदार, ही अडचण. (कन्नडच्या कारखान्याच्या लिलावासंबंधीं सक्तवसुली संचालनालयानें जानेवारी २०२४ मध्यें श्री. पवार यांची चौकशी केली. आरोप त्यांनीं नाकारले आहेत. विषय न्यायालयाचा असल्यानें आम्ही त्यावर बोलत नाहीं.)

विरोधकांनीं मात्र भलत्याच ठिकाणीं बोट ठेवलें. उमेदवार बाहेरचा, बारामतीचें हें ‘पार्सल’ परत पाठवा, असा प्रचार झाला. ह्या आक्षेपांत आम्हांस फारसें तथ्य दिसत नाहीं. ज्या तालुक्याचें पाणीच परजिल्ह्यांतून येतें, त्यानें परजिल्ह्यांतल्या माणसाचा एवढा विटाळ कां मानावा? किंबहुना पुणें जिल्ह्यांतील धरणांच्या धन्यांशीं ज्याची घरोब्याची ओळख आहे असा माणूस आपल्या बाजूनें बोलला तर पाणी लवकर सुटेल, असा हिशेब शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यानें केला असल्यास तो मूर्खपणाचा नव्हता. तो हिशेब पुढें कितपत जमला हें खालीं येईलच.

उमेदवारानें मागितलें काय आणि कबूल केलें काय? कुकडीची पाळी वेळेवर व शेवटच्या टोकापर्यंत; पिण्याच्या पाण्याची सोय; रस्ते; तरुणांना काम मिळावें म्हणून औद्योगिक वसाहत; आणि स्त्रियांच्या गटांना बाजार. निवडणुकीपूर्वींचें साल दुष्काळाचें होतें. सरकारनें ता. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत हे दोन्ही तालुके होते. २०१९ च्या उन्हाळ्यांत जनावरें छावणीला बांधलेलीं असतांना श्री. पवार यांचे पाण्याचे टँकर गांवोगांव फिरूं लागले. टँकर हें धोरण नव्हे. उमेदवाराच्या खिशांतलें पाणी सरकारच्या पाण्याचें काम करूं शकत नाहीं, आणि मतें मागणाऱ्यानें तहानेच्या दिवसांत पाणी वाटणें ह्यांत आम्हांस थोडी अडचणहि वाटते. पण हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईस ही अडचण वाटत नसते.

ह्याखेरीज पक्षाचा जाहीरनामा. दोन्ही काँग्रेसनीं मिळून ऑक्टोबर २०१९ मध्यें जो ‘शपथनामा’ काढला त्यांत शेतकऱ्यांची सरसकट कर्जमाफी, सुशिक्षित बेकारांस दरमहा ५,००० रुपये भत्ता, व स्थानिकांस ८० टक्के नोकऱ्या देण्याचा कायदा, अशीं वचनें होतीं. नव्या उमेदवाराच्या भाषणांपेक्षां ह्या कागदाकडे शेतकऱ्यांनीं अधिक लक्ष द्यावयास हवें होतें, कारण त्याची परीक्षा लवकर झाली. सत्ता आल्यावर ता. २१ डिसेंबर २०१९ रोजीं महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें कर्जमुक्ति जाहीर झाली, ती २ लाख रुपयांपर्यंत थकलेल्या पीककर्जापुरती. ‘सरसकट’ हा शब्द वाटेंत गळाला. २ लाखांवर कर्ज असलेले बागाईतदार बाहेर राहिले. आणि ज्यांनीं घरचें सोनें गहाण टाकून सोसायटी वेळेवर भरली, त्यांचें ५० हजारांचें प्रोत्साहन खात्यावर पडण्यास २०२२ चा ऑक्टोबर उजाडला, तोंवर कबूल करणारें सरकारहि गेलें होतें. आमच्या वाचकांपैकीं नियमित फेड करणाऱ्यांस हा अनुभव नव्यानें सांगावयास नको.

प्रा. शिंदे यांची बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. डिसेंबर २०१४ मध्यें सुरू झालेलें जलयुक्त शिवार अभियान त्यांच्या खात्याखालीं आलें, आणि कर्जत-जामखेडांत नाले खोल करण्याचीं व बंधाऱ्यांचीं कामें झालीं हें डोळ्यांना दिसत होतें. कर्जतेच्या कोरड्या गांवांसाठीं तुकाई उपसा सिंचन योजनेचा आरंभ त्यांच्याच कारकीर्दींतला. परंतु नाला कितीहि खोल केला तरी त्यांत पाऊसच पडला नाहीं तर काय साठणार? २०१८ च्या अवर्षणानें नेमका हाच प्रश्न घातला. पुढें २०२० मध्यें महालेखापरीक्षकांनीं ९,६३४ कोटि रुपये खर्चूनहि हें अभियान टंचाई हटविण्यांत व भूजल वाढविण्यांत थिटें पडल्याचें नमूद केलें. तो अहवाल निवडणुकीनंतरचा. पण मतदारांनीं आपला अहवाल वर्षभर आधींच दिला होता.

त्या निकालांत सगळें श्रेय उमेदवाराचेंच होतें असेंहि नव्हे. मतदानापूर्वीं तीन दिवस, ता. १८ ऑक्टोबर २०१९ रोजीं, शरद पवारांनीं साताऱ्यास भर पावसांत भाषण केलें आणि वारें फिरलें. आपल्या जिल्ह्यांत १२ पैकीं ६ जागा राष्ट्रवादी काँग्रेसनें घेतल्या. पारनेरचे नीलेश लंके, कोपरगांवचे आशुतोष काळे, राहुरीचे प्राजक्त तनपुरे व अकोल्याचे डॉ. किरण लहामटे हेहि त्याच वर्षीं प्रथम विधानसभेंत गेले. नव्या चेहऱ्यांचा तो हंगामच होता. निकालानंतर श्री. पवार चौंडीस प्रा. शिंदे यांच्या घरीं गेले, त्यांच्या मातोश्रींच्या पायां पडले, व शिंद्यांनीं त्यांस फेटा बांधला. आमच्याकडे बांधावरून भांडणारे दोन भाऊबंद सुगीला एकमेकांच्या खळ्यावर जातात, तशांतला हा प्रकार. फार मोठा अर्थ त्यांतून काढूं नये, पण वाईटहि म्हणूं नये. दुर्दैवानें तो फेटा पुढें फार दिवस टिकला नाहीं.

आतां पाण्याचें काय झालें? आमच्या मतें ह्या साऱ्या प्रकरणांत शेतकऱ्यास शिकण्यासारखें काय असेल तर तें डिंभ्याच्या बोगद्यांत आहे. माणिकडोह धरण पुष्कळ वर्षीं पुरें भरत नाहीं. डिंभें मात्र भरतें, आणि त्याचें पाणी येडगांवकडे आणणारा कालवा गळका. म्हणून डिंभें ते माणिकडोह असा बोगदा पाडून पाणी सरळ आणावें, म्हणजे गळती वाचेल व शेवटच्या टोकास अधिक पाणी मिळेल, ही खालच्या तालुक्यांची मागणी. ती श्री. पवार यांनीं उचलून धरली. आंबेगांवचे श्री. दिलीप वळसे-पाटील यांनीं तिला उघड विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, बोगद्याचें तोंड धरणाच्या तळाशीं ठेवलें तर डिंभें उन्हाळ्यापूर्वींच रिकामें होईल आणि ज्यांच्या जमिनी धरणांत बुडाल्या त्यांच्याच शेजाऱ्यांवर टँकर मागण्याची पाळी येईल.

वाचक बंधूंनीं हें नीट लक्षांत घ्यावें. हे दोघेहि त्या वेळीं एकाच पक्षाचे, एकाच नेत्याचे. बोगद्याचें तोंड किती फूट वर आणि किती फूट खालीं, एवढ्यावर एका पक्षाचीं दोन माणसें समोरासमोर उभीं ठाकलीं, आणि ता. २ जुलै २०२३ रोजीं पक्ष फुटल्यानंतर आपण शरद पवारांस कां सोडलें ह्याचें एक कारण म्हणून वळसे-पाटलांनीं हाच प्रश्न सांगितला. राजकारणांत कारणें पुष्कळ असतात, सांगावयाचीं निराळीं व असावयाचीं निराळीं. तरीपण मतदारांपुढें सांगण्याजोगें कारण म्हणून त्यांस पाणीच सुचलें, हेंच पुरेसें बोलकें आहे. आणि आम्ही वर म्हटलेला घरोब्याचा हिशेब येथेंच चुकला. धरणाच्या धन्याशीं ओळख असली तरी धन्याच्या मागें त्याचेहि मतदार उभे असतात. कर्जतेच्या आमदारानें कर्जतेसाठीं भांडावें तसें आंबेगांवच्यानें आंबेगांवसाठीं भांडावें, ह्यांत कोणाचाच दोष नाहीं. पण एकटा आमदार, मग तो कितीहि थोर घराण्यांतला असो, कालव्याची वरची बाजू खालीं आणूं शकत नाहीं. कालवा सल्लागार समितींत त्याला बोलतां येतें, विधानसभेंत प्रश्न विचारतां येतो, मंत्र्याच्या दारीं बसतां येतें. पाळी सोडण्याची सही दुसऱ्याचीच असते.

औद्योगिक वसाहतीची कथा आणखी निराळी. पाटेगांव-खंडाळा परिसरांत ती व्हावी असा श्री. पवार यांचा आग्रह. पण त्याच भागांत बँका बुडवून परदेशीं गेलेल्या नीरव मोदीच्या कंपनीची सुमारें सव्वाशें एकर जमीन. मार्च २०१८ मध्यें खंडाळ्याच्या शेतकऱ्यांनीं, आमच्या जमिनी कवडीमोलानें घेतल्या म्हणून, त्या रानांत निदर्शनासाठीं नांगर धरला होता. वसाहतीसाठीं जमीन घेतली तर मोबदला कोणाच्या घरांत जाईल, असा आक्षेप विरोधकांनीं घेतला. ता. २४ जुलै २०२३ रोजीं श्री. पवार हे विधानभवनाच्या आवारांत शिवछत्रपतींच्या पुतळ्यापाशीं पावसांत धरणें धरून बसले. मंत्र्यांनीं आश्वासन दिलें. पुढें जागाच दुसरी पाहावी असें निघालें. तरुणांस मात्र तोंवर पुण्याची गाडी पकडावी लागली. आम्हां जमीनधारकांस ह्यांत दोन मनें आहेत हें कबूल करतों. वसाहत आली तर घरांतल्या धाकट्यास काम मिळेल हें खरें. आणि वसाहतीची रेघ आपल्याच सातबाऱ्यावरून जाईल ही भीतिहि खरी.

कांहीं गोष्टी मनास पटल्या नाहींत. खर्ड्याच्या किल्ल्यापाशीं ता. १५ ऑक्टोबर २०२१ रोजीं, दसऱ्याच्या दिवशीं, ७४ मीटर उंचीचा भगवा स्वराज्य ध्वज उभारण्यांत आला. १७९५ ची लढाई जेथें मराठ्यांनीं जिंकली त्या जागेचा अभिमान आम्हांसहि आहे. पण शेतकऱ्याच्या प्रतिनिधीची उंची आम्ही विहिरीच्या पाण्यानें मोजतों, काठीनें नव्हे. दुसऱ्या बाजूनें, कर्जतच्या एस. टी. आगारापासून तों जामखेड शहरास उजनीचें पाणी आणण्याच्या योजनेपर्यंत बहुतेक प्रत्येक कामाचें श्रेय दोघांनींहि आपआपल्या पदरांत ओढलें. प्रा. शिंदे २०२२ मध्यें विधान परिषदेवर गेल्यानें तालुक्यांत आमदार दोन झाले आणि कामापेक्षां नारळ अधिक फुटूं लागले.

ह्या पार्श्वभूमीवर २०२४ चा आंकडा वाचावा. ४३,३४७ वरून १,२४३ पाहून, नव्या उमेदवाराकडे लोकांनीं पाठ फिरविली असें कित्येकांनीं घाईनें लिहिलें. हिशेब तसें सांगत नाहीं. श्री. पवार यांचीं मतें १,३५,८२४ वरून १,२७,६७६ वर आलीं. घट ८,१४८ ची. प्रा. शिंदे यांचीं मात्र ९२,४७७ वरून १,२६,४३३ वर गेलीं. वाढ ३३,९५६ ची. म्हणजे ह्याचें शेत फारसें उतरलें नाहीं. शेजाऱ्याचें भरून आलें. ज्यांनीं २०१९ मध्यें नव्यावर विश्वास टाकला त्यांतील बहुतेक त्याच्याजवळ राहिले, पण नवीन मतदार व २०१९ मध्यें घरीं बसलेले मतदार ह्यांचा ओढा दुसरीकडे गेला असावा, असा आमचा तर्क आहे. त्यास राज्यांतील वारेंहि कारण. ऑगस्ट २०२४ पासून लाडक्या बहिणींच्या खात्यावर दरमहा १,५०० रुपये पडूं लागले होते, आणि आपल्या जिल्ह्यांतील १२ पैकीं १० जागा सत्ताधारी महायुतीनें घेतल्या. उरल्या त्या कर्जत-जामखेड व श्रीरामपूर. त्याच दिवशीं संगमनेरांत श्री. अमोल खताळ ह्या पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या उमेदवारानें, १९८५ पासून सलग आठ वेळां निवडून आलेल्या श्री. बाळासाहेब थोरातांस १०,५६० मतांनीं हरविलें. २०१९ मध्यें जें वारें एका नव्या माणसास आंत घेऊन आलें, त्याच्या उलट वाऱ्यानें २०२४ मध्यें दुसऱ्या नव्या माणसास आंत आणलें. संगमनेरच्या शेतकऱ्यांनींहि आपल्या नव्या आमदारास निळवंड्याच्या कालव्यांविषयीं आतांपासूनच विचारावें. पांच वर्षें लौकर जातात.

एक गोष्ट मात्र आम्हांस उल्लेखनीय वाटते. इतकें प्रतिकूल वारें असतां १,२४३ मतांनीं कां होईना, पण जागा राहिली. एवढीं मतें एखाद्या मोठ्या गांवच्या दोन-तीन केंद्रांवर पडतात. कालव्याच्या शेवटच्या टोकाचीं चार गांवें त्या दिवशीं कोणत्या बाजूस झुकलीं असतीं तर निकाल फिरला असता, हें दोघांनाहि आतां पक्कें कळलें असेल. आणि शेवटच्या टोकास आजवर जें कधींहि मिळालें नाहीं तें, म्हणजे वजन, ह्या निकालानें त्यांस मिळालें आहे.

पराभवानंतर महिना उलटण्यापूर्वींच, ता. १९ डिसेंबर २०२४ रोजीं, प्रा. राम शिंदे विधान परिषदेचे सभापति झाले. १९४६ ते १९५२ ह्या काळांत मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भूषविणारे कुंदनमल फिरोदिया आपल्याच नगरचे. त्यानंतर दुष्काळी जामखेडच्या एका गांवच्या सरपंचानें वरिष्ठ सभागृहाच्या आसनावर बसावें, ह्याचें कौतुक पक्षभेद विसरून करावयास हरकत नाहीं. ता. ६ मे २०२५ रोजीं तर अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त राज्याचें मंत्रिमंडळच चौंडीस बैठकीस आलें. म्हणजे एका तालुक्याचे सभापति वरच्या सभागृहांत, आणि त्याच मतदारसंघाचे आमदार खालच्या सभागृहांत विरोधी बाकांवर. डिंभ्याच्या बोगद्याचें तोंड किती खालीं असावें, ह्याविषयीं दोघांचेंहि म्हणणें लेखी मागवून ह्या मासिकांत शेजारीं शेजारीं छापावें, असा आमचा विचार आहे. कर्जत तालुक्यांतील सभासदांनीं आपआपल्या चारीवर गेल्या तीन हंगामांत पाणी कोणत्या तारखेस आलें व किती दिवस टिकलें, तें कार्डावर लिहून संघाच्या कचेरींत पाठवावें. म्हणजे प्रश्न विचारतांना आमच्या हातीं तारखा असतील.